टीव्हीवर चित्राच्या कडा का कापल्या जातात आणि त्या परत कशा मिळवाव्यात

संगणकावर संपादित केलेला व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लावला की पुष्कळांना पहिला धक्का चित्राच्या कडांपाशी बसतो. लग्नाच्या व्हिडिओत डाव्या कोपऱ्यात उमटणाऱ्या वधूच्या नावाआधीचे ‘चि. सौ. कां.’ संगणकावर पूर्ण दिसत असते. टीव्हीवर मात्र ‘सौ. कां.’पासून पुढचेच दिसते आणि ‘चि.’ चौकटीबाहेर गेलेले असते. लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला तर तळाचा टास्कबार अर्धा नाहीसा होतो. याच्या नेमके उलटही घडते: जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून संगणकात उतरवून घेतलेल्या चित्रणाच्या तळाशी थरथरणारी, वाकडी पट्टी दिसते, आणि घरातली मंडळी शपथेवर सांगतात की टीव्हीवर ती कधीच दिसली नव्हती. या तिन्ही प्रसंगांत फाइल बिघडलेली नसते आणि टीव्हीही नादुरुस्त नसतो. टीव्ही आणि संगणक ही दोन यंत्रे चित्राच्या कडांकडे वेगवेगळ्या सवयींनी पाहतात, एवढेच त्यामागचे कारण आहे.

हा लेख नव्याने संपादन शिकणाऱ्यांसाठी आणि घरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यातले मुख्य सांगणे असे की चित्र कुठे आणि कोणत्या प्रकारे कापले जाते हे आधी तपासावे, मग ज्या यंत्रात ते कापले जाते तिथेच त्याचा बंदोबस्त करावा, आणि मूळ फाइलला हात लावण्याचा विचार अगदी शेवटी करावा. पुष्कळ जण याच्या उलट क्रमाने जातात. आपल्या घरच्या टीव्हीवर नीट बसावे म्हणून ते व्हिडिओच आतल्या बाजूला आक्रसून घेतात, आणि मग तोच व्हिडिओ दुसऱ्या कोणाच्या घरी चारी बाजूंनी काळ्या चौकटीत अडकलेला दिसतो.

टीव्हीला ही सवय कशी लागली

काचेच्या जड नळीचे टीव्ही ज्या काळात घरोघरी आले, त्या काळात चित्राची कड नेमकी कुठे संपेल हे कारखानदारालाही खात्रीने सांगता येत नसे. नळीच्या आत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवून चित्र काढले जाई, आणि तो झोत किती फाकेल हे नळीला मिळणाऱ्या उच्च दाबावर आणि चुंबकीय वेटोळ्यांतल्या प्रवाहावर अवलंबून असे. पडद्यावर एकदम पांढरेशुभ्र दृश्य आले की झोतातला प्रवाह वाढे, उच्च दाब किंचित खाली येई आणि चित्र क्षणभर फुगे. घरातल्या विजेचा दाब कमीजास्त झाला तरी चित्र आक्रसे किंवा पसरे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि देशात रंगीत प्रसारण १९८२ मध्ये आले. त्यानंतरची कित्येक वर्षे टीव्हीच्या शेजारी व्होल्टेज स्टॅबिलायझर असणे हा घराच्या मांडणीचाच भाग होता, हे ज्यांना आठवते त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. त्यात भर म्हणजे सेट जुना होत गेला की आतल्या सुट्या भागांची मूल्ये सरकत आणि चित्रही त्यांच्याबरोबर सरके.

यावर कारखानदारांनी काढलेला तोडगा साधा होता. चित्र दिसणाऱ्या काचेपेक्षा थोडे मोठेच काढायचे, म्हणजे ते कितीही आक्रसले किंवा सरकले तरी प्रेक्षकाला काठाशी काळी फट दिसणार नाही. फोटो फ्रेम करणारा कारागीर छायाचित्राच्या चारी कडा पुठ्ठ्याच्या माउंटखाली दडवतो, तसाच हा प्रकार होता. यालाच ओव्हरस्कॅन म्हणतात. प्रत्येक बाजूने साधारण अडीच ते पाच टक्के चित्र असे दडवले जाई, आणि काही सेटांवर त्याहूनही जास्त.

दडवण्याची सोय झाली की दडवण्याजोग्या गोष्टीही तिथे साठत जातात. प्रसारकांना ठाऊक होते की चित्राच्या कडा कोणी पाहत नाही, त्यामुळे कडेला आलेला काळा पट्टा, कॅमेऱ्याच्या चौकटीत डोकावणारी माइकची दांडी किंवा नकलेवर नक्कल करताना सरकलेली ओळ यांची फारशी फिकीर कोणी केली नाही. अमेरिकेत उपशीर्षकांचे सांकेतिक ठोके चित्राच्या लगेच वरच्या २१व्या ओळीतून पाठवले जात. चित्र जरासे खाली सरकले की पडद्याच्या माथ्यावर पांढऱ्या तुटक रेषा नाचताना दिसत. व्हीएचएस यंत्रात तर ही घाण रचनेतच आहे. आपल्याकडच्या पाल या जुन्या टीव्ही-चित्रपद्धतीत फीत वाचणाऱ्या चुंबकीय डोक्यांचा (हेड्सचा) ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या मारतो आणि त्यावरची दोन डोकी आळीपाळीने फीत वाचतात. एका डोक्याकडून दुसऱ्याकडे काम सोपवण्याचा क्षण चित्र संपण्याच्या जरा आधी येतो, म्हणून तळाच्या दहा-पंधरा ओळी तुटलेल्या आणि आडव्या सरकलेल्या दिसतात. नळीच्या टीव्हीवर हा सगळा भाग चौकटीखाली जाई, म्हणून घरच्यांची ती शपथ अगदी खरी असते.

संगणकाने ही सवय कधीच उचलली नाही. त्याच्या मॉनिटरवर अगदी वरच्या काठाला मेन्यू आणि अगदी तळाला बटणे असतात. त्यांतली एक ओळ जरी झाकली गेली तरी काम अडते. म्हणून नळीचे मॉनिटर असतानाही चित्र काचेपेक्षा थोडे लहान ठेवून बाजूला काळी किनार सोडण्याची पद्धत होती. संगणकावरचा व्हिडिओ प्लेअरही फाइलमध्ये जेवढे बिंदू (पिक्सेल) आहेत तेवढे सगळे दाखवतो, चांगले आणि वाईट दोन्ही.

सपाट पडद्यावर तर चित्र सरकण्याचा किंवा फुगण्याचा प्रश्नच उरलेला नाही, मग तो कापतो कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. एक कारण जुन्या कार्यक्रमांचे. कडेला कचरा असलेले चित्रण वाहिन्या दाखवत राहिल्या, आणि ते उघडे पडले असते तर ग्राहकाने दोष टीव्हीलाच दिला असता. दुसरे कारण ओळखण्याच्या पद्धतीचे. ७२०पी, १०८०आय किंवा १०८०पी अशा टीव्हीच्या ठरलेल्या स्वरूपात संकेत (सिग्नल) आला की तो कार्यक्रमच आहे असे टीव्ही धरून चालतो, मग तो प्रत्यक्षात लॅपटॉपमधून का येत असेना. हे चित्र कापू नका असे सांगणारी खूण एचडीएमआयच्या संकेतातून पाठवता येते, पण प्रत्येक टीव्ही ती मानतोच असे नाही. माझ्या मते आजच्या टीव्हीत कारखान्यातूनच ओव्हरस्कॅन चालू ठेवून देण्याला काहीही समर्थन उरलेले नाही. ४के संकेत सहसा कापला जात नाही. १०८०पी आणि त्याखालच्या संकेतांच्या बाबतीत मात्र सावध राहावे.

पहिली पायरी: तपासणीचे चित्र तयार करा

अंदाजाने सेटिंग बदलत बसण्यापेक्षा एक तक्ता बनवणे फार सोपे आहे. कोणत्याही चित्र-संपादन प्रणालीत १९२० × १०८० बिंदूंचे नवे पान घ्या, त्याची पार्श्वभूमी गडद करडी ठेवा आणि पुढील आकृत्या काढा.

अगदी काठाला, एक बिंदूही न सोडता, दोन बिंदू जाडीची लाल चौकट काढा. तिच्या आत डावी-उजवीकडून ४८ आणि वर-खाली २७ बिंदू सोडून दुसरी चौकट काढा. ही अडीच टक्क्यांची रेषा झाली. तिसरी चौकट ९६ आणि ५४ बिंदू सोडून, म्हणजे पाच टक्क्यांवर येईल. चौथी १९२ आणि १०८ बिंदू सोडून दहा टक्क्यांवर काढा. प्रत्येक चौकटीचा रंग वेगळा ठेवा आणि तिच्याजवळ तिची टक्केवारी आकड्यांत लिहा. डाव्या आणि उजव्या काठापासून प्रत्येकी २४० बिंदूंवर एकेक उभी तुटक रेषा ओढा. या दोन रेषांमधला भाग म्हणजे १४४० × १०८०, अर्थात जुन्या ४:३ (रुंदी चार भाग, उंची तीन भाग) टीव्हीची चौकट. मध्यभागी सहाशे बिंदू व्यासाचे वर्तुळ काढा आणि चारी कोपऱ्यांत, दहा टक्क्यांच्या चौकटीच्या आत, लहान वर्तुळे काढा. शेवटी मोठ्या वर्तुळाच्या पोटात एक लहान चौकोन घेऊन त्यात एक बिंदू काळा आणि एक बिंदू पांढरा अशा उभ्या रेषा भरा. या बारीक रेषांचे काम पुढे कळेल.

चित्र जेपेगऐवजी पीएनजी स्वरूपात साठवा, कारण जेपेगमध्ये त्या बारीक रेषा पुसट होतात. त्याच चित्राचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओही संपादन प्रणालीतून काढून ठेवा. दोन्ही लागतात, कारण कित्येक टीव्ही पेनड्राइव्हवरचे छायाचित्र पूर्ण दाखवतात आणि त्याच पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ कापतात.

दुसरी पायरी: तक्ता लावा आणि लक्षण ओळखा

तक्ता संगणकावर पूर्ण पडद्यावर उघडून आधी तो स्वतः बरोबर आहे ना हे पाहा. मग ज्या मार्गाने प्रत्यक्ष व्हिडिओ दाखवायचा आहे त्याच मार्गाने तो टीव्हीवर आणा. पेनड्राइव्हवर तपासून लॅपटॉपच्या केबलने कार्यक्रम दाखवणे व्यर्थ आहे, कारण पुष्कळ टीव्ही प्रत्येक इनपुटसाठी वेगळे सेटिंग लक्षात ठेवतात.

लाल चौकट चारी बाजूंनी अखंड दिसते आणि वर्तुळ गोल आहे, तर काहीही कापले जात नाही. लाल चौकट चारी बाजूंनी नाहीशी झाली, आतली अडीच टक्क्यांची रेषा काठाशी चिकटली आणि वर्तुळ तरीही गोलच राहिले, तर तो निखळ ओव्हरस्कॅन समजावा. कोणती चौकट पडद्याच्या काठाला टेकली आहे हे पाहिले की किती कापले जाते तेही आपोआप कळते.

दोनच बाजू कापल्या जात असतील तर प्रकरण ओव्हरस्कॅनचे नाही, गुणोत्तराचे आहे. चित्राची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण एक आणि पडद्याचे दुसरे असले की तीनच वाटा उरतात: उरलेल्या जागेत काळ्या पट्ट्या सोडायच्या, जास्तीचा भाग कापायचा किंवा चित्र ताणायचे. डावी-उजवीकडच्या तुटक रेषांपाशी चित्र संपत असेल तर कोणीतरी १६:९ चित्राचा मधला ४:३ भाग तेवढा काढून घेत आहे. वर आणि खाली कापले जात असेल तर झूम चालू आहे. वर्तुळ आडवे पसरून अंडाकृती झाले असेल तर चित्र ताणले जात आहे. आणि मधले वर्तुळ गोल, पण कोपऱ्यांतली वर्तुळे पसरट असतील, तर टीव्हीत वाइड झूम किंवा स्मार्ट अशा नावाची पद्धत चालू आहे, जी मधला भाग बरा ठेवून कडा तेवढ्या ओढते. वृत्तनिवेदकाचा चेहरा ठीक आणि त्याच्या मागच्या खिडक्या सुजलेल्या दिसतात त्या याच पद्धतीमुळे.

या गुणोत्तरांच्या हिशेबात नुकसान किती होते ते एकदा आकड्यांत पाहण्याजोगे आहे. ४:३ चित्र १६:९ पडद्यावर काळ्या पट्ट्यांशिवाय बसवायचा हट्ट धरला आणि झूम केले, तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. ताणले तर प्रत्येक माणूस ३३ टक्क्यांनी रुंद होतो. २.३९:१ गुणोत्तराचा सिनेमा १९२० × १०८० पडद्यावर साधारण ८०३ ओळींत बसतो, म्हणजे वर आणि खाली सुमारे १३८ ओळींच्या काळ्या पट्ट्या येतात. त्या घालवायच्या म्हटल्या तर रुंदीचा सुमारे चौथा भाग गमवावा लागतो, आणि रुंद पडद्यासाठी रचलेल्या दृश्यात बोलणारी दोन माणसे बऱ्याचदा त्याच दोन टोकांना उभी असतात. १९३०च्या दशकातले मराठी बोलपट साधारण ४:३च्या जवळच्या चौकटीत चित्रित झालेले आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणे हेच बरोबर दिसणे आहे. पैसे मोजून मोठा टीव्ही घेतला आणि तो पूर्ण भरत नाही, ही तक्रार समजण्यासारखी असली तरी ती ऐकून चित्र कापू नये.

आणखी एक लक्षण उरते: चित्र पूर्ण आहे, वर्तुळ गोल आहे, पण चारी बाजूंनी काळी किनार आहे. इथे टीव्ही निर्दोष असतो. संगणकाच्या ग्राफिक कार्डाने समोर टीव्ही आहे म्हणजे तो कापणारच असे गृहीत धरून चित्र आधीच लहान करून पाठवलेले असते.

तिसरी पायरी: टीव्हीचे सेटिंग

रिमोटवरून सेटिंगमध्ये जा आणि पिक्चर किंवा स्क्रीन या भागात चित्राच्या आकाराची यादी शोधा. तिच्यात १६:९, ४:३, झूम, ऑटो असे पर्याय असतील. सर्वप्रथम १६:९ निवडा आणि झूम, वाइड, सिनेमा असल्या सर्व पद्धती बंद करा. त्यानंतर ओव्हरस्कॅन बंद करण्याचा पर्याय शोधावा लागेल, आणि इथे नवख्याची खरी पंचाईत होते, कारण प्रत्येक कंपनीने त्याला वेगळे नाव दिले आहे. एलजीच्या टीव्हीत तो जस्ट स्कॅन या नावाने असतो. सॅमसंगमध्ये स्क्रीन फिट किंवा फिट टू स्क्रीन असे लिहिलेले असते. सोनीमध्ये डिस्प्ले एरिया या शीर्षकाखाली फुल पिक्सेल मिळते. फिलिप्सच्या काही टीव्हींत अनस्केल्ड, तर इतर काहींत डॉट बाय डॉट असे नाव दिसते, आणि क्वचित ओव्हरस्कॅन हाच शब्द सरळ चालू-बंद अशा रूपात असतो. त्या पर्यायाचा रंग फिका असून तो निवडता येत नसेल, तर आधी १६:९ निवडले आहे का आणि योग्य इनपुट चालू आहे का ते पाहावे. हा पर्याय बहुधा त्याच वेळी खुला होतो.

हे कुठेच सापडले नाही तर इनपुटच्या यादीत जाऊन त्या एचडीएमआयचे नाव किंवा चिन्ह बदलून पीसी असे ठेवून पाहा. नुसते नाव बदलून काय होणार असे वाटते खरे, पण कित्येक टीव्ही त्या नावावरूनच समोर संगणक आहे हे ओळखतात आणि कापणे थांबवतात.

सेटिंग बदलले की वर्तुळातल्या त्या एकेका बिंदूच्या रेषांकडे जवळ जाऊन पाहावे. पडदा फुल एचडी असेल आणि प्रत्येक रेषा सुटी, काळी-पांढरी दिसत असेल, तर फाइलमधला प्रत्येक बिंदू पडद्यावरच्या एकेका बिंदूवर बसला आहे. तिथे करडा धूर किंवा जाड लाटा दिसत असतील तर चित्र अजून कुठेतरी लहान-मोठे केले जात आहे. प्रत्येक बाजूने अडीच टक्के कापणारा टीव्ही १८२४ × १०२६ बिंदूंचे चित्र ओढून १९२० × १०८० करतो. म्हणून ओव्हरस्कॅन बंद केल्यावर कडा तर परत मिळतातच, शिवाय बारीक अक्षरेही एकदम धारदार होतात. लॅपटॉप जोडणाऱ्याला हा दुसरा लाभ पहिल्याहून मोठा वाटेल. मात्र बत्तीस इंची एचडी रेडी टीव्हींत पडदा पुष्कळदा १३६६ × ७६८ बिंदूंचाच असतो. तिथे फुल एचडी संकेत लहान करावाच लागतो, त्यामुळे रेषांची ही परीक्षा त्याला लावू नये, फक्त चौकटीची लावावी.

चौथी पायरी: मधली यंत्रे

टीव्ही आणि व्हिडिओ यांच्या मध्ये जे काही आहे तेही कापू शकते. सेट टॉप बॉक्सच्या मेन्यूत टीव्हीचा प्रकार ४:३ की १६:९ असा प्रश्न एकदा विचारलेला असतो आणि तंत्रज्ञ घाईत त्याचे उत्तर देऊन गेलेला असतो. तिथे ४:३ राहिले असेल तर बॉक्स रुंद चित्राच्या बाजू कापतो किंवा वर-खाली काळ्या पट्ट्या घालून ४:३ चौकटीत पाठवतो, आणि मग टीव्ही त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी पट्ट्या घालतो. चारी बाजूंनी काळे आणि मध्ये टपालतिकिटाएवढा सिनेमा हे दृश्य त्यातूनच येते. ते घालवण्यासाठी टीव्हीवर झूम लावण्याऐवजी बॉक्सला १६:९ सांगावे. एका यंत्रातली चूक दुसऱ्या यंत्रात भरून काढली की पुढची वाहिनी लावताच ती नव्याने उपटते.

संगणकाच्या बाजूने संकेत १९२० × १०८०, किंवा टीव्ही ४के असल्यास ३८४० × २१६० असा, पडद्याच्या मूळ आकाराएवढा ठेवावा. काळी किनार दिसत असेल तर एएमडीच्या ग्राफिक प्रणालीत एचडीएमआय स्केलिंग नावाची सरकपट्टी शून्यावर आणावी. एनव्हिडियाच्या नियंत्रण पटलात डेस्कटॉपचा आकार आणि जागा बदलण्याचे पान असते, आणि मॅकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्ही जोडल्यावर अंडरस्कॅनची, म्हणजे चित्र आतल्या बाजूला लहान करण्याची पट्टी दिसते. या पट्ट्या ओढून कापले जाणारे चित्र आत घेता येते खरे, पण तो उपाय नाइलाजाचा आहे: संगणक चित्र लहान करणार, टीव्ही ते पुन्हा मोठे करणार आणि त्यात अक्षरे दोनदा भरडली जाणार. टीव्हीत ओव्हरस्कॅन बंद करण्याची सोयच नसेल, तेव्हाच तो वापरावा.

पाचवी पायरी: जुन्या कॅसेटी आणि डीव्हीडी

घरातल्या लग्नाच्या, मुंजीच्या कॅसेटी संगणकात उतरवून घेणाऱ्यांना आणखी एक पेच सोडवावा लागतो. पाल पद्धतीचे अंकीय चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते. ७२०ला ५७६ने भागले तर १.२५ येते, हे प्रमाण ४:३चेही नाही आणि १६:९चेही नाही. कारण या चित्रातले बिंदू चौरस नसतात. ४:३ चित्रात ते किंचित आडवे, १२:११ प्रमाणाचे असतात आणि १६:९ चित्रात बरेच आडवे, १६:११ प्रमाणाचे. चित्र यांपैकी कोणते आहे हे फाइलमधली एक खूण सांगते. ती खूण हरवली किंवा प्लेअरने मानली नाही, की माणसे उभट आणि बारीक दिसू लागतात; १६:९ डीव्हीडी ४:३ समजून दाखवली तर हे चटकन लक्षात येते.

त्यातही एक खोच आहे. पाल चित्राची प्रत्येक ओळ ५२ मायक्रोसेकंदांची असते आणि अंकीकरण करताना सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घेतले जातात. गुणाकार केला तर खऱ्या चित्राचे ७०२ नमुने होतात. उरलेले अठरा, म्हणजे प्रत्येक बाजूचे नऊ, हे ओळ थोडी मागेपुढे झाली तरी काही सुटू नये म्हणून घेतलेली जादा जागा आहे. म्हणून उतरवून घेतलेल्या चित्राच्या डाव्या-उजव्या काठाला बारीक काळी पट्टी दिसली तर उतरवण्यात चूक झाली असे समजू नये. ती सगळ्यांकडेच असते, फक्त टीव्हीने ती आपल्याला कधी दाखवली नव्हती.

या काळ्या पट्ट्या आणि तळाची ती तुटलेली ओळ यांचे करायचे काय? मूळ उतरवलेली फाइल जशीच्या तशी सांभाळून ठेवावी आणि तिच्यावर काहीही करू नये. पाहण्यासाठी वेगळी प्रत काढताना कडा कापून उरलेले चित्र पुन्हा ४:३ पर्यंत ताणण्याचा मोह टाळावा; तसे केले की प्रमाण बिघडते आणि वर्तुळ वर्तुळ राहत नाही. त्याऐवजी तळाच्या दहा-पंधरा ओळींवर निव्वळ काळा पट्टा घालावा. काळ्या पडद्यावर तो दिसत नाही आणि चित्राचे माप जिथल्या तिथे राहते. कापायचेच असेल तर चारी बाजूंनी त्याच प्रमाणात कापावे आणि मग मोठे करावे. प्रत १९२० × १०८० चौकटीत बसवायची असेल तर मध्ये १४४० × १०८० आणि दोन्ही बाजूंना २४० बिंदूंच्या काळ्या पट्ट्या ठेवाव्यात. बाजूला त्याच चित्राची धूसर, मोठी केलेली नक्कल भरण्याची सध्याची पद्धत मला तरी पटत नाही. हलणारा धुरकट कडा डोळ्याला सतत टोचत राहतो.

सहावी पायरी: नवा व्हिडिओ बनवताना

आपला टीव्ही आपण सुधारला तरी पाहुण्यांचा टीव्ही कारखान्यातून आला तसाच असणार, हे धरून संपादन करावे. प्रसारण क्षेत्रात यासाठी सुरक्षित क्षेत्राची मर्यादा फार पूर्वीपासून पाळली जाते. नळीच्या काळात महत्त्वाची हालचाल प्रत्येक बाजूने पाच टक्के आत आणि अक्षरे दहा टक्के आत ठेवत. सपाट पडद्यांच्या काळात ही मर्यादा सैल झाली. युरोपीय प्रसारण संघाच्या आर ९५ या शिफारशीप्रमाणे १६:९ चित्रात हालचाल प्रत्येक बाजूने साडेतीन टक्के आणि अक्षरे पाच टक्के आत असावीत. १९२० × १०८० चौकटीत याचा अर्थ असा की हालचालीसाठी डावी-उजवीकडे सुमारे ६७ आणि वर-खाली ३८ बिंदू, तर अक्षरांसाठी ९६ आणि ५४ बिंदू मोकळे सोडावेत. म्हणजे आपल्या तक्त्यातली तिसरी चौकट हीच अक्षरांची सीमा.

बहुतेक संपादन प्रणालींत या रेषा पडद्यावर दाखवण्याची सोय असते. प्रीमियर प्रोमध्ये ती सेफ मार्जिन्स या नावाने आणि डाविंची रिझॉल्व्हमध्ये सेफ एरिया या नावाने मिळते. त्या रेषा किती टक्क्यांवर आहेत ते मात्र एकदा तपासून घ्यावे, कारण काही ठिकाणी अजून जुनेच आकडे ठेवलेले असतात. देवनागरीत लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. ओळीची वरची सीमा शिरोरेषा नसून तिच्यावरच्या वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि रफार ही असते, आणि खालची सीमा उकार व जोडाक्षरांचे पाय ही असते. काठाशी टेकलेल्या ओळीतून उकार कापला गेला की शब्दाचा अर्थ बदलू शकतो, म्हणून तळाच्या पट्टीवरची नावे मोजताना सर्वांत खोल गेलेले अक्षर मोजावे.

चित्रीकरण करतानाच कॅमेऱ्याच्या पडद्यावर या रेषा चालू ठेवता आल्या तर उत्तम. मात्र रेषेच्या बाहेरचा भाग कोणी पाहणारच नाही असे समजून तिथे दिव्याचे स्टँड किंवा वायर राहू देऊ नये. तो टीव्हीवर झाकला जाईल, संगणकावर आणि फोनवर मात्र पूर्ण दिसेल. सुरक्षित क्षेत्र म्हणजे महत्त्वाचे काय ते आत ठेवण्याची सीमा, कचरा बाहेर टाकण्याची जागा नव्हे.

फोनचा प्रश्न थोडा वेगळा आहे. २०:९ पडद्याच्या फोनवर १६:९ व्हिडिओ चालू असताना दोन बोटांनी चित्र फाकवले की बाजूच्या काळ्या पट्ट्या जातात आणि त्याबरोबर उंचीचा पाचवा हिस्साही जातो, म्हणजे वर-खाली दहा-दहा टक्के. तळाची ओळ पाच टक्क्यांवर असेल तर ती यात पूर्ण कापली जाते. व्हिडिओ मुख्यतः फोनवर पाहिला जाणार असेल तर तळाची नावे तक्त्यातल्या चौथ्या चौकटीच्या आत घ्यावीत.

कार्यक्रम मंगल कार्यालयात किंवा सभागृहात दाखवायचा असेल तर तिथल्या प्रोजेक्टरचे किंवा एलईडी भिंतीचे गुणोत्तर आधी विचारून घ्यावे. एलईडी भिंत चौकोनी फळ्या जोडून उभी करतात, त्यामुळे ती १६:९ असेलच असे नाही, आणि तिला संकेत पुरवणाऱ्या यंत्रात चित्र पूर्ण बसवायचे की भिंत भरेल असे कापायचे हे तो चालवणारा माणूस ठरवतो. आपला तक्ता पेनड्राइव्हवर मूळ व्हिडिओच्या शेजारी ठेवावा, पाहुणे येण्याआधी तो भिंतीवर लावायला सांगावा, आणि लाल चौकट चारी बाजूंनी दिसेपर्यंत त्या माणसाला सेटिंग बदलायला लावावे.